‘कंई नथी करती’ : अहमदाबाद ते खाराघोडा, सहा दिवस

गुरुवार

पहाटे कालुपूर स्टेशनाबाहेर आले तर समोरून कापडाच्या गाठींनी भरलेली हातगाडी येत होती. पुढे दांडीत बाई, मागून ढकलायला पुरुष. चढ लागला तसा बाईने पदर कमरेला घट्ट खोचला आणि अंग पुढे झोकून दिलं. घ्यायला आलेली मैत्रीण म्हणाली, "मजुरी मिळते ती मात्र त्याच्या हातात. व्यापाऱ्याच्या वहीत हातगाडी एक आणि मजूरही एकच."

मी अहमदाबादला का आले ते सांगते. लहानपणी शाळेच्या प्रवेशअर्जावर ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. तिथे माझ्याच अक्षरात मी ‘काही नाही’ असं लिहिलं होतं. त्याच खोलीत, माझ्यापासून दोन हातांवर, आई शर्टांना काजं करत बसली होती. एक माणूस माल आणून टाकायचा, डझनावर पैसे द्यायचा. तो अर्ज आजही आईच्या ट्रंकेत आहे. आणि ज्या शहराने या ‘काही नाही’शी चिवटपणे भांडण मांडलं, ते अहमदाबाद.

दुपारी भद्रच्या बाजूला गेलो. एलिसब्रिजच्या अलीकडे व्हिक्टोरिया गार्डन आहे. मराठी माणसाने या बागेत जरूर डोकवावं, कारण आत लोकमान्यांचा पुतळा आहे. वल्लभभाई पटेलांच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि १९२९ मध्ये गांधीजींनी त्याचं अनावरण केलं. याच बागेच्या समोर ‘सेवा’चं, म्हणजे ‘सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेचं, कार्यालय. जिन्यावर चपलांचा ढीग पडलेला, त्यातल्या निम्म्या अंगठा तुटून सेफ्टी पिनेने जोडलेल्या.

‘सेवा’ची सुरुवात मला फार आवडते, कारण ती भाषणाने झालेली नाही. ‘सेवा’ उभी करणाऱ्या इला भट्ट तेव्हा मजूर महाजनच्या महिला विभागात होत्या. अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या परंपरेतली ही गिरणी कामगारांची संघटना, १९२० सालची. १९७१ मध्ये कापडबाजारात डोक्यावर गाठी वाहणाऱ्या बायका त्यांच्याकडे आल्या. इलाबेननी त्यांच्या तुटपुंज्या मजुरीबद्दल वर्तमानपत्रात लिहिलं. व्यापाऱ्यांना ते लागलं. त्यांनीही छापून आणलं, की आम्ही बायकांना रास्त मजुरी देतो. मग महिला विभागाने काय केलं, तर व्यापाऱ्यांचंच ते म्हणणं कार्डांवर छापून घेतलं आणि बायकांच्या हाती दिलं. आता मजुरी मागताना बाईच्या हातात व्यापाऱ्याचाच शब्द होता.

पाठोपाठ जुने कपडे विकणाऱ्या बायका आल्या, बागेत सभा झाली, त्या सभेतल्याच एका बाईने आपली संघटना काढू या म्हणून सुचवलं. नोंदणी करणारे अधिकारी अडून बसले. तुमचा मालक कोण? मालकच नाही, तर संघटना कुणाविरुद्ध? इलाबेनचं उत्तर असं, की संघटना कुणाविरुद्ध असावीच लागते असं नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. १२ एप्रिल १९७२ रोजी नोंदणी झाली. आज सभासद वीस लाखांच्या वर आहेत.

१९७२ हे साल मी वहीत अधोरेखित केलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा केनियावरचा अहवाल आला आणि ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द जगभर रूढ झाला. पंडितांनी या लोकांना नाव दिलं ते नकारातून : अन्-औपचारिक, अ-संघटित. जे नाही ते सांगणारं. इलाबेनचा याच गोष्टीला कायम विरोध होता. त्यांनी ‘स्वाश्रयी’ हा शब्द धरला. ज्या कामावर घर चालतं त्याला ‘अ’ लावून ओळखायचं, हे मलाही पटत नाही. शब्दाने काय फरक पडतो असं म्हणणाऱ्याने एकदा सरकारी अर्ज भरून बघावा.

शुक्रवार

आज शहराच्या पूर्वेला, गिरणगावात. गोमतीपूर, रखियाल, बापूनगर. १८६१ मध्ये या शहरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि १९८० नंतरच्या दोन दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडून हजारो कामगार घरी बसले. पुरुष घरी बसले तेव्हा घरं चालवली बायकांनी, आणि ती घरातूनच. चाळींच्या गल्लीतून चालताना दाराआड शिवणयंत्रांची घरघर एकसारखी ऐकू येते. काही दारांतून उदबत्तीच्या मसाल्याचा वास येतो.

एका खोलीत मी दोन तास बसले. दहा बाय दहाची असेल. पलंगाखाली कापडाचे गठ्ठे, पलंगावर शाळेतून आलेली दोन मुलं, खिडकीशी यंत्र. बेन परकर शिवतात. माल आणणारा ठेकेदार कापड कापून देतो. दोरा बेनचा, सुई बेनची, तेल बेनचं, वीज बेनची, यंत्र बेनचं आणि खोलीचं भाडंही बेनचंच. कारखान्यात हा सगळा खर्च मालकाचा असतो. इथे तो मजुरीतूनच जातो, पण मजुरी सांगताना कुणी तो वजा करत नाही. शिवण वाकडी गेली तर नग परत, आणि परत आलेल्या नगाचे पैसे कापले जातात. माल कधी येईल, किती येईल, हे ठेकेदाराच्या फोनवर. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत यंत्र चालतं, पावसाळ्यात महिना महिना गप्प.

मी विचारलं, "बेन, तुम्ही काय करता?" माझ्या डोळ्यांदेखत तिच्या पायाखाली यंत्राचं पायडल हलत होतं. ती म्हणाली, "कंई नथी करती, घरे ज छुं." काही करत नाही, घरीच असते.

शेजारची खोली उदबत्तीवालीची. बुटक्या पाटावर कोळशाच्या भुकटीचा काळा मसाला, डाव्या हाताशी बांबूच्या काड्यांची जुडी. तळव्याने काडी एकदा पुढे, एकदा मागे वळली, की झाली. मोजायला जावं तर आपली नजर मागे पडते. भाव हजारावर. तिचे तळवे काळे होते, नखांच्या कडांत रंग कायमचा बसलेला. कंबर दुखते का विचारलं तर हसली. दुखते म्हणून सांगितलं तर ठेकेदार माल दुसऱ्या गल्लीत टाकतो.

अशा कामाला मराठीत धड शब्द नाही, हे इथे बसल्यावर जाणवलं. ‘घरकामगार’ म्हटलं की लोकांना दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई आठवते. ‘घरबसल्या काम’ म्हटलं की हौस वाटते, जणू दुपारची झोप टाळायला घेतलेलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणाऱ्यांना कामगार मानणारा करार १९९६ मध्ये मंजूर केला, क्रमांक १७७. त्यासाठी वर्षानुवर्षं धडपडणाऱ्यांत याच शहरातल्या बायका पुढे होत्या. भारताने त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. मान्यता द्यायला हवी होती, आणि कधीच द्यायला हवी होती. कुणाला ‘मालक’ म्हणायचं हे ठरलं की भविष्यनिर्वाह, विमा, बाळंतपणाची रजा सगळं दारात येऊन उभं राहतं, म्हणूनच तर हे ठरत नाही.

आणि हा एका गल्लीचा प्रश्न नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगात दोनशे कोटी माणसं अशा बिननोंदीच्या कामावर जगतात. म्हणजे काम करणाऱ्या दर शंभरांतली एकसष्ट. त्यांतल्या दहातल्या नऊंहून जास्त विकसनशील देशांत आहेत. सगळ्यात गरीब देशांत तर अशा कामात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त भरतं. आक्राच्या बाजारात, ढाक्याच्या वस्तीत किंवा लिमाच्या फुटपाथवर गेलं तरी हिशोब हाच असणार : यंत्र तिचं, भाडं तिचं, भाव दुसऱ्याचा.

रात्री आईला फोन केला. विचारलं, "तू दिवसाला किती डझन काजं करायचीस गं?"

"ते काय काम होतं होय? तुमचं सगळं आवरून मधल्या वेळात करायचे मी," आई म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारू लागली.

शनिवार

चार वाजता उठून जमालपूरच्या घाऊक भाजीबाजारात. ट्रकांचे दिवे, ओल्या गोणपाटाचा वास, आरडाओरडा. अडत्याच्या गादीवर बाई एकही दिसली नाही. खाली पाटीत माल निवडणाऱ्या मात्र बहुतेक बायकाच. एक आजीबाई चार पोती कोथिंबीर तीन बायकांत वाटून घेत होत्या, रिक्षाचं भाडंही तिघींत. त्यांच्याबरोबर माणेक चौकात आलो.

रस्त्यावर कापड अंथरून विकायला बसणाऱ्यांना गुजरातीत ‘पाथरणावाळा’ म्हणतात. आपला ‘पथारीवाला’ आणि हा एकाच मुळातले. मला हे ऐकून फार बरं वाटलं. पथारी म्हणजे आपण स्वतः पसरलेली जागा. या आजींची सासू इथेच बसायची, आता सून बसते. तरी परवाना विचारला, दंड घेतला, पाटी उचलून नेली, या गोष्टी त्यांनी पावसाच्या गोष्टीसारख्या सांगितल्या. यायचाच तो.

२०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला. शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात, पाहणी पूर्ण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. आजींना यातलं कलम ठाऊक नव्हतं, पण त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं ओळखपत्र होतं. ते दाखवलं की निदान ‘तू कोण?’ हा प्रश्न येत नाही, म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, सासूच्या काळातली. सकाळी सावकाराकडून पन्नास रुपये उचलायचे, माल घ्यायचा, विकायचा आणि संध्याकाळी पंचावन्न परत करायचे. दिवसाला दहा टक्के! ‘सेवा’ची बँक निघाली ती या सावकारीतून सुटायला. १९७४ मध्ये चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भाग टाकला. पुन्हा तोच अडथळा : अडाणी बायकांची बँक कशी होईल, यांना तर सहीदेखील येत नाही. तेव्हा प्रवर्तक बायका रात्रभर बसून आपलं नाव गिरवायला शिकल्या आणि सह्या करून आल्या. ज्यांना सही जमत नव्हती त्यांच्या पासबुकावर फोटो लावायची पद्धत या बँकेने पाडली. आजींच्या सासूचं पासबुक घरी आहे. फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे रागाने बघते म्हणे.

कापडबाजारात माथ्यावर गाठी नेणाऱ्या बायका आजही आहेत. आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ चा. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली ती चळवळ, तिच्यामुळे हमालाची मजुरी मंडळाकडे जमा होऊ लागली, त्याला भविष्यनिर्वाह मिळाला. अनेक मालक असलेल्या मजुरालाही संरक्षण देता येतं, हे त्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे. मग यंत्रावरच्या त्या बेनसाठी ते जमत का नाही, हा प्रश्न माझ्या मनातून दिवसभर जाईना.

रविवार

नदीकाठच्या गुजरी बाजारात. जुने कपडे, जुनी यंत्रं, खाटा, पुस्तकं. देवीपूजक समाजाच्या बायका भांड्यांच्या बदल्यात दारोदार जुने कपडे घेतात, धुतात, रफू करतात आणि इथे विकतात. एका बाईने सदरा उलटा करून मला कॉलरची शिवण दाखवली : "हे बघ, नवं काज माझं." मी बोट फिरवून पाहिलं. आईच्या काजांसारखंच दाट होतं.

पाय दुखत होते. दुपारनंतर झोपले.

सोमवार

वीरमगामवरून खाराघोड्याला. वीरमगामची आठवण नुसती मिठाशी जोडलेली नाही, जकात नाक्याशीही आहे : इथल्या जकातीने प्रवाशांचा जो छळ होई, त्याबद्दल गांधीजी आफ्रिकेतून परत आल्या आल्या बोलले आणि १९१७ मध्ये तो नाका उठला. नाक्याच्या पुढे शेतं विरळ होत जातात, मग बाभळी, मग काहीच नाही. कच्छचं छोटं रण. जीपच्या उजव्या हाताला रानगाढवांचा कळप पळाला. हे सगळं १९७३ पासून त्यांचं अभयारण्य आहे. माणसांचं मात्र इथे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणाऱ्या अगरियांच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही.

अगरिया. आगर. मिठागर. आपल्या किनाऱ्यावरचे आगरी. शब्द ओळखीचा निघाला तसा मी जीपमधून उतरताच धीराने बोलू लागले. इथे समुद्र नाही. जमिनीखालचं खारं पाणी उपसून पाट्यात, म्हणजे वाफ्यात, सोडतात. ऊन ते आटवत नेतं, खारेपणा वाढत जातो. पाऊस सरला की कुटुंबं इथे येतात, आणि उन्हाळ्यापर्यंत सहा-सात महिने या सपाटीवर तंबूत राहतात. भारतातल्या मिठापैकी सुमारे तीन चतुर्थांश मीठ गुजरातचं, आणि त्यातलं काही या रणातलं.

दाताळं घेऊन बाई वाफ्यात उतरली तेव्हा मीही चप्पल काढून उतरले. दहा पावलांत परत आले. खडे सुरीसारखे टोचतात आणि पाणी जखमेला लागलं की डोळ्यांत पाणी येतं. ती रोज तास न्‌ तास हे ओढते, खडा सारखा वाढावा म्हणून. तिने मला आपली टाच दाखवली. तिथली कातडी दगडासारखी झालेली. "आता लागत नाही," म्हणाली.

पिण्याचं पाणी टँकरने येतं, चार-पाच दिवसांनी एकदा. ते किती पुरवायचं, मुलांना कधी आंघोळ घालायची, हे सगळं तिच्या डोक्यात. पंपाच्या डिझेलची उचल व्यापाऱ्याकडून घ्यायची आणि हंगामाअखेर मिठातून फेडायची. उचल कापून झाली की हातात येतं ते पुढच्या पावसाळ्यालाही पुरत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत सौरपंप आले, त्यात ‘सेवा’च्या बायकांचा मोठा हात आहे. या बाईकडेही आहे. तिने सौरपट्ट्या पुसून लख्ख ठेवल्या होत्या. डिझेलची उचल संपली तर हंगामाचे पैसे घरात येतात, इतकं सरळ आहे ते, आणि तेवढ्यासाठी या लोकांना इतकी वर्षं थांबावं लागलं.

आणि ऊन. मार्चमध्येच दुपारी बारानंतर कुठे बघावं कळेना, पांढरं सगळीकडे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्मा कृती आराखडा केला. पण उन्हात दिवस बुडाला तर मजुरीचं काय, याला आराखड्यात उत्तर नाही. २०२३ मध्ये ‘सेवा’ने सुमारे एकवीस हजार बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरलेल्या अंशांवर गेलं की दावा न करता पैसे खात्यात. त्यांत पथारीवाल्या आहेत, मिठागरातल्याही आहेत. रक्कम थोडी आहे. पण ऊन हा कामावरचा अपघात आहे, हे कुणीतरी कागदावर मान्य केलं, याचं मला फार मोल वाटतं.

सावलीला बसलो. चहा झाला. मी तोच प्रश्न विचारला, "बेन, तुम्ही काय करता?", आणि उत्तर तंबूतून तिच्या नवऱ्याने दिलं : "ती मदत करते मला."

बाई काही बोलली नाही. मग माझ्या वहीकडे बोट करून मैत्रिणीला म्हणाली, "तिला लिहायला सांग. पाटा ती बांधते. तळ पायांनी ती तुडवते. दाताळं ती ओढते. पंप रात्री बंद पडला तर ती उठते." आपल्याबद्दलच बोलत होती, पण ‘ती’ म्हणून. नवरा खाली बघून हसला, म्हणाला, "खरं आहे."

‘मदत’ हा शब्द सरकारी आकड्यांतही आहे. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. आकडा वाढला याचा आनंदच आहे. पण या वाढीतला मोठा भाग स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीसही मोजल्या आहेत. म्हणजे रणातली ही बाई आता मोजली गेली आहे. पगाराच्या रकान्यात मात्र शून्यच. आणि २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. टँकरची वाट बघत बसण्याचा वेळ कोणत्या रकान्यात लिहितात ते मी विचारायला हवं.

संध्याकाळी वाफ्यांत आकाश उतरलं होतं. बाई अजून दाताळं ओढत होती.

मंगळवार

दिवसाच्या गाडीने परत. वहीतल्या नोंदी नीट करत होते. वापीच्या आसपास फोन वाजला. आई होती. सहसा ती स्वतःहून फोन करत नाही.

"बारा डझन," ती म्हणाली.

मला आधी कळेना.

"तू विचारलं होतंस ना. दिवसाला बारा डझन काजं. दिवाळीच्या आधी अठरा. डोळ्यांत पाणी यायचं म्हणून रात्री बटणं लावायचे, काजं सकाळच्या उजेडात." मग थोडा वेळ गाडीचाच आवाज. "आणि शेवटच्या चार डझनांचे पैसे त्याने दिलेच नाहीत. तेही लिही."